वजनावर लिहिलेलं वजन कधी कुणी तोललंय का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुमचा तो 'घरातच उभारा जिम' वाला लेख वाचला. पान भरून रंगीत फोटो, भिंतभर आरसा, आरशापुढे एकसारख्या काळ्या डंबेलांची रांग आणि खाली काय काय घ्यायचं त्याची भली मोठी यादी. यादी वाचता वाचता आमचा पोरगा मान वर करून म्हणाला, "बाबा, मग आपल्याकडे आहे त्याला काय म्हणायचं?" आमच्याकडे म्हणजे गॅलरीच्या कोपऱ्यात दोन छोटे रॉड, बारा-चौदा लोखंडी प्लेटा, एक जुनी सतरंजी आणि वाळूच्या पिशव्या भरलेलं फाटकं दप्तर, आणि एवढ्यावर घरातली तीन माणसं २०२० पासून व्यायाम करतायत. त्याला काय म्हणायचं ते मलाही पटकन सुचेना, म्हणून तुम्हालाच लिहायला बसलो.

लेखावर राग नाही, लिहिणाऱ्याने मेहनत घेतलीय ते दिसतं. पण एवढ्या मोठ्या लेखात कोटिंग आहे, रंग आहे, ग्रिप कशी मऊ, डिझाइन कसं मॉडर्न सगळं आहे, फक्त किलोमागे काय पडतं ते कुठेच नाही. अहो वजन घ्यायचं म्हणजे शेवटी किलोच घ्यायचे ना? एक सेट २० किलोचा, दुसरा ३२ चा, तिसऱ्यात बेंच फुकट, चौथ्यात हातमोजे नि दोरी, असं सगळं समोर मांडलं की माणूस हातमोजे बघून हुरळतो. मी पण हुरळलोच होतो. नंतर कागदावर साधा भागाकार केला, एकूण पैसे भागिले एकूण किलो, आणि त्यातून रॉडचं वजन वेगळं काढलं, तेव्हा कळलं की सगळ्यात स्वस्त दिसणारा सेट किलोमागे सगळ्यात महाग पडत होता. हा भागाकार करायला जेमतेम मिनिट लागतं पण दुकानदार करून देत नाही आणि जाहिरातीत तर तो मुद्दाम करता येऊ नये अशीच आकड्यांची मांडणी असते. आणि ती 'डिलिव्हरी फ्री' वाचून तर मला हसूच येतं, तीस किलो लोखंड कोण कुणाच्या दारात फुकट आणून टाकतो, ते भाड्याचे पैसे किमतीत आधीच घातलेले असतात.

पण खरी गोष्ट पुढे आहे.

मी सुरुवातीला एक नवाकोरा सेट घेतला होता, कुणाकडून ते लिहीत नाही. त्यात चार प्लेटांवर ठळक '५ के.जी.' असं ओतलेलं. तीन महिने मी त्यावर खांद्याचा व्यायाम केला आणि तीन महिने मला असंच वाटत होतं की माझा डावा खांदा कमजोर आहे. उजव्या हाताने सलग बारा रेप्स, म्हणजे बारा वेळा उचलणं, निघायचे आणि डावा नवव्यालाच थरथरायचा. मी डाव्याला दोन सेट, म्हणजे अशा दोन फेऱ्या, जास्त मारल्या, गरम पाण्याची पिशवी लावून बसलो, एका ओळखीच्या माणसाने 'लहानपणी डाव्या कुशीवर झोपायचास का' असंही विचारून घेतलं. शेवटी एकदा प्रवासाला निघताना बॅग तोलायचा तो हुकाचा डिजिटल काटा बायकोने बाहेर काढला होता, तो समोर पडलेला दिसला आणि सहज म्हणून एक प्लेट दोरीने बांधून लटकवली. ४.४५. म्हटलं काटा बिघडलाय. दुसरी लटकवली, ४.५०. तिसरी ४.९०, चौथी ४.९५.

आता काट्यावर विश्वास ठेवायचा की प्लेटवर? बायको म्हणाली, "अहो पाणी तोला ना, पाणी थोडंच खोटं बोलणार आहे." हे मला सुचलं नव्हतं हे कबूल करतो. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, त्यात खोलीच्या तापमानाने पडला तर दोन-तीन ग्रॅमचा फरक पडतो. रिकामा कॅन आधी तोलला, मग लिटरच्या बाटलीने मोजून पाच बाटल्या त्यात ओतल्या आणि परत तोलला. काटा पाचाच्या आसपास २० ग्रॅम इकडे तिकडे दाखवत होता. म्हणजे काटा बरोबर. चार प्लेटांचे व्हायला हवे होते २० किलो आणि भरत होते १८.८, म्हणजे सव्वा किलोला थोडं कमी एवढं लोखंड मी पैसे देऊन घरी आणलंच नव्हतं. बरं ते सोडा, त्यातल्या दोन जड प्लेटा मी सवयीने डाव्या रॉडला लावत होतो आणि दोन हलक्या उजव्याला. डावीकडे ९.८५ आणि उजवीकडे ८.९५. खांदा कमजोर नव्हता हो, बिचारा तीन महिने ९०० ग्रॅम जास्तीचे उचलत होता आणि वर माझ्या शिव्या खात होता.

फोन केला तर पलीकडून उत्तर आलं की साहेब एवढं तेवढं चालतंच, जिममध्ये कोण तोलून बघतं. या वाक्याने माझं डोकं जरा फिरलं. किराण्याच्या दुकानात काट्याच्या आकड्यावर डोळे लावून उभी राहणारी आपण माणसं, सोनाराकडे तर श्वास रोखून बघतो, आणि जी वस्तू फक्त वजन म्हणूनच विकली जाते ती घरी आणून आयुष्यात एकदाही तोलत नाही.

थोडं न्यायाने बोलायचं तर प्लेट अगदी काटेकोर निघत नाही त्याला कारण आहे. स्वस्तातल्या प्लेटा बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या असतात, वाळूच्या साच्यात वितळलेलं बीड ओतून केलेल्या. साचा जरा सैल बसला, मधल्या भोकाचा गाभा थोडा सरकला, की जाडी कमीजास्त होते, आणि नंतर त्यावर मशीन फिरवून कुणी नेमकं वजन करत बसत नाही. स्पर्धेच्या प्लेटांचं तसं नाही, वेटलिफ्टिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमात ५ किलोच्या वरच्या प्लेटला जास्तीत जास्त ०.१ टक्का जास्त नाहीतर ०.०५ टक्का कमी एवढीच सूट आहे, म्हणजे २० किलोच्या प्लेटमध्ये वर २० ग्रॅम आणि खाली १० ग्रॅम. त्या प्लेटा महाग असतात त्या या मेहनतीमुळे. आपल्याला घरी एवढं नको. मी स्वतः शेकडा तीनपर्यंत काही बोलत नाही, पाचची प्लेट ४.८५ भरली तरी चालेल. पण ४.४५ म्हणजे शेकडा अकराची तूट आणि असल्या प्लेटेला '५' म्हणायचं तर मग माझी उंची सहा फूट आहे.

तर नवीन घ्यायचं असो वा जुनं, काटा बरोबर घेऊन जा. लाज वाटते पहिल्यांदा, दुकानातले बघत राहतात, पण मी आता बिनधास्त लटकवतो. आणि समजा सगळ्याच प्लेटा कमीजास्त निघाल्या तरी निदान जोड्या लावून घ्या, हलकी नि जड अशी एका रॉडवर, म्हणजे दोन्ही हातांना सारखं येतं. माझ्या त्या चार प्लेटांचं मी शेवटी तेच केलं, ४.४५ बरोबर ४.९५ आणि ४.५ बरोबर ४.९, दोन्ही रॉड बरोब्बर ९.४० झाले. खऱ्या वजनाचे आकडे पांढऱ्या ऑइलपेंटने वर लिहून टाकलेत.

आता यादीबद्दल. तुमच्या यादीत २ किलोपासून २० किलोपर्यंत तयार डंबेलांच्या दहा जोड्या आहेत. बेरीज केली का कुणी? दोन, चार, सहा असं वीसपर्यंत मिळवलं तर ११० किलो होतात आणि जोड्या म्हणून दुप्पट, २२० किलो लोखंड! एवढं घरात कुठे ठेवायचं आणि त्यातलं एका वेळी हातात असतं किती, तर एक जोडी. त्यापेक्षा दोन टोकांना आटे असलेले दोन छोटे रॉड घ्या, साधारण दोन-दोन किलोचे, आणि प्लेटा घ्या सव्वाच्या चार, अडीचच्या चार, पाचच्या चार. बस. सगळं मिळून ३९ किलो. आता गंमत बघा, प्रत्येक रॉडला दोन्ही बाजूंना एकेक अशी जोडी लागते, म्हणजे सव्वाने अडीच वाढतात, अडीचने पाच आणि पाचने दहा, दर वेळी दुप्पट. त्यामुळे तीन मापांत एकेका डंबेलची आठ वेगवेगळी वजनं होतात: २, ४.५, ७, ९.५, १२, १४.५, १७ आणि १९.५. जुन्या तराजूला थोडक्याच मापांत कितीतरी वजनं तोलता यायची, तोच हिशोब. २२० किलोचं काम ३९ मध्ये, आणि जागा म्हणाल तर एका खुर्चीखाली मावतं. आईला आधी काळजी होती की गॅलरी खाली येईल, तिला म्हटलं अगं एक शाळकरी पोरगं उभं राहिलं की तेवढंच वजन होतं.

नट फिरवत बसायला वेळ जातो हे खरं. दोन सेटच्या मध्ये प्लेट बदलायची म्हणजे चार नट काढा, चार लावा. माझा पोरगा वैतागतो. मी म्हणतो तेवढीच विश्रांती. फक्त नट घट्ट झाला का ते प्रत्येक वेळी बघायचं, आतून रबराचं वायसर असलेले नट घ्यायचे आणि आटे घासून गुळगुळीत झालेला रॉड कितीही स्वस्त मिळाला तरी घ्यायचा नाही, कारण तो नट घसरतो तेव्हा डंबेल नेमकं तोंडावर धरलेलं असतं.

डायल फिरवला की वजन बदलतं असे ते ॲडजस्टेबल डंबेल पण तुमच्या यादीत आहेत, सोयीचे आहेत यात वाद नाही. पण त्यात आत पातळ पत्र्याच्या नि प्लास्टिकच्या खाचा असतात, एकदा आपटले की संपलं, आणि जुने घेताना आत काय झिजलंय ते बाहेरून दिसत नाही. २०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेत असल्या डंबेलांचे सुमारे ३८ लाख नग परत मागवले गेले, कारण व्यायाम चालू असताना प्लेटा दांड्यावरून सुटून पडत होत्या आणि लोकांना लागलं होतं. मी तरी साध्या नटवाल्या रॉडवरच खूष आहे, त्यात काय बिघडलंय ते डोळ्याला दिसतं.

प्लेटेच्या मधल्या भोकाची गोष्ट तर यादीत आलीच नाही आणि नवीन माणूस हमखास तिथेच फसतो. मोठ्या ऑलिंपिक रॉडची टोकं ५० मिलिमीटर जाडीची असतात, घरगुती साध्या रॉडची २५ च्या आसपास, पण त्यातही कुठे २८ तर कुठे ३०. २५ ची प्लेट ५० च्या रॉडवर जाणार नाही हे सांगायला नको, पण २८ ची प्लेट २५ च्या रॉडवर छान जाते आणि मग प्रत्येक रेपला खडखड खडखड वाजत हलते. मी एकदा अशा सहा प्लेटा फार स्वस्त मिळाल्या म्हणून उचलून आणल्या, अजून रॉडला चिकटपट्टीचे वेढे देऊन वापरतोय. तर काट्याबरोबर आपला रॉड पण न्यायचा, दुकानात घालून बघायचा. लोक हसले तर हसू द्या. आणि पौंडात लिहिलेल्या जुन्या प्लेटा मिळाल्या तर घाबरू नका, एक पौंड म्हणजे ०.४५ किलो, १० पौंडाची प्लेट साडेचार किलोची समजायची, फक्त ती किलोवाल्या पाचबरोबर एका रॉडवर चढवून दोन्हीकडे सारखंच आहे असं समजू नका.

प्लास्टिकच्या आवरणातल्या सिमेंट भरलेल्या प्लेटा सगळ्यात स्वस्त, ते मान्य. पण बिडाची घनता साधारण ७.२ आणि काँक्रीटची २.४, म्हणजे तेवढ्याच वजनाला तिप्पट जागा लागते. आमच्या बिडाच्या पाचची जाडी दोन-सव्वादोन सेंटीमीटर आहे आणि शेजाऱ्यांच्या प्लास्टिकवालीची जवळपास पाच. डंबेलच्या रॉडला एका बाजूला जागा असते जेमतेम दहा-अकरा सेंटीमीटर, त्यात दोन प्लेटा घातल्या की नट लावायलाच आटे उरत नाहीत. मग सहा महिन्यांनी ताकद वाढली तरी वजन वाढवता येत नाही आणि सगळा सेट बदलावा लागतो, म्हणजे स्वस्तातलं दोनदा घ्यायचं. शिवाय आपटून कडेला चीर गेली की व्यायाम झाल्यावर रोज थोडी थोडी सिमेंटची पूड झाडायची, ते वेगळंच.

घरी सिमेंट ओतून वजनं करायचा उद्योगही मी केलाय म्हणून सांगतो. रंगाचा रिकामा डबा, मधे पाइपचा तुकडा उभा केला, सिमेंट-वाळू-खडी कालवून ओतली, १० किलोला सव्वाचार लिटरचा डबा पुरतो. उत्साहाच्या भरात दोन दिवसांत काढलं, रॉडला लावलं, तिसऱ्या दिवशी हातातून निसटलं आणि त्याचे तीन तुकडे आणि फरशीचे दोन. काँक्रीट सुकून पक्कं होत नाही, ते पाण्यामुळे पक्कं होतं, निदान सात दिवस ओलं ठेवायला हवं होतं आणि पुरती ताकद यायला २८ दिवस धरतात. हे मला गवंड्याने नंतर सांगितलं, त्याआधी बायकोने वेगळ्या शब्दांत सांगितलं होतं. दुसऱ्या खेपेला आत तारेची जाळी घातली आणि महिनाभर हात लावला नाही, तो गोळा अजून आहे, पण तो फक्त दोन्ही हातांनी धरून उठाबशा काढायला. घरी केलेलं काहीही डोक्यावर उचलायचं नाही असा आमच्याकडे कायदाच झालाय.

त्यापेक्षा जुन्या लोखंडाच्या मागे लागा. २०२० मध्ये सगळं बंद पडलं तेव्हा जगभर डंबेल मिळेनासे झाले होते, ज्याला जे सापडलं ते त्याने वाट्टेल त्या भावाने घेतलं, आणि त्यातलं कितीतरी आता पलंगाखाली पडलंय, बेंचवर टॉवेल वाळतायत. लोकांना ते घरातून जायला हवंय. बिडाच्या प्लेटेला काही एक्सपायरी नसते, वीस वर्षांपूर्वीचे दहा किलो आजही दहाच किलो. घेताना प्लेट बोटात लटकवून पान्याने हलकेच टिचकी मारायची, धड असेल तर घंटेसारखी वाजत राहते आणि आत चीर असेल तर बद्द आवाज येतो. मडकं घेताना मारतो तशीच. गंजाला घाबरायचं नाही, उलट गंज दाखवून भाव पाडायचा.

गंज काढायची माझी पद्धत सांगतो कारण यात मजा आहे. बादलीत प्लेटा उभ्या ठेवून त्या बुडतील एवढं साधं पांढरं व्हिनेगर ओतायचं आणि रात्रभर विसरून जायचं. सकाळी पाणी चहासारखं तपकिरी झालेलं असतं आणि प्लेटेवरचा गंज काळा, चिकट, बोटाने निघेल असा. तारेच्या ब्रशने घासायचं, धुवायचं, मग पाण्यात थोडा खायचा सोडा घालून त्यात बुडवायचं म्हणजे राहिलेलं ॲसिड मरतं, आणि लगेच कोरडं पुसून उन्हात टाकायचं. 'लगेच' हा शब्द महत्त्वाचा आहे, मी एकदा चहा पिऊन येतो म्हणून अर्धा तास तशीच ओली सोडली तर त्यावर परत नारिंगी झाक आली होती. मग रेड ऑक्साइडचा हात आणि वर काळा रंग, नाहीतर नुसतं पातळ तेल पुसलं तरी भागतं. व्हिनेगरमध्ये ब्लीच मात्र चुकूनही टाकू नका, विषारी वायू निघतो. आणि फार जुन्या प्लेटेवर मूळचा रंग असेल तर तो कोरडाच घासू नका, जुन्या रंगांत शिसं असू शकतं, ती पूड नाकात जाते. मी एवढा गंज काढून प्लेट परत तोलली तर २० ग्रॅमने कमी भरली. नवीकोरी पाचशे ग्रॅमने कमी निघाली होती, गंजकी वीसने!

एक प्रश्न सगळे विचारतात की १९.५ किलोच्या डंबेलने काय होणार. पुष्कळ होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत मोठ्या माणसांनी आठवड्यातून निदान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंचा ताकदीचा व्यायाम करावा असं म्हटलंय, अमुक किलो उचला असं कुठे नाही. आणि हलकं वजन असलं तरी आता पुढचा रेप निघणार नाही इथपर्यंत सेट नेला तर स्नायू जवळपास जड वजनाएवढेच वाढतात, हे आता बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. जास्तीत जास्त एका दमात किती उचलता येईल ही ताकद वाढवायची तर जड लागतं, ते खरं, पण ते स्पर्धावाल्यांचं. आपण जिना चढताना धापा टाकू नये एवढ्यासाठी करतोय. उठाबशांना वजन कमी पडायला लागलं की एका पायावर करायच्या, नाहीतर सावकाश खाली जायचं, चार मोजत. करून बघा, दहामध्ये पाय बोलतात.

महत्त्वाचं आहे ते थोडं थोडं वाढवत जाणं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात टॉमस डीलॉर्म नावाचे अमेरिकन लष्करी डॉक्टर जखमी सैनिकांचे पाय परत कामाला लावत होते, ते लोखंडी बूट बांधून, रोग्याला जेमतेम दहा वेळा उचलता येईल एवढं वजन धरायचे आणि जमलं की वाढवायचे. पुढे त्याचे तीन सेट झाले, पहिला निम्म्या वजनाचा, दुसरा पाऊणचा, तिसरा पुरा. आज जिमवाला आपल्याला तीन सेट दहा रेप्स म्हणतो ते बऱ्याच अंशी तिथून आलंय. पण यात घरच्या सेटची एक खरी अडचण आहे आणि ती कुणी सांगत नाही: १७ वरून १९.५ ला जाताना अडीच किलो म्हणजे शेकडा पंधराची उडी, चालून जाते, पण ४.५ वरून ७ म्हणजे निम्म्याहून जास्त! खांद्याला ते जमत नाही, विशेषतः नवीन माणसाला. बायको तिथेच दीड महिना अडकली होती. तिला मी भंगारातून मोठी जाड वायसरं आणून दिली, पाव-पाव किलोची, ती प्लेटेबरोबर रॉडवर चढतात, अर्ध्या अर्ध्या किलोने वाढवता येतं. ती आता ७ ने आरामात करते आणि वायसरं माझी आहेत असं सांगते.

तर मागणं असं आहे. पुढच्या वेळी अशी यादी छापाल तेव्हा प्रत्येक वस्तूपुढे तीन आकडे द्या: वर लिहिलेलं वजन, तुमच्या ऑफिसात काट्यावर प्रत्यक्ष भरलेलं वजन, आणि त्या भरलेल्या वजनाने किलोमागे पडणारा भाव. रंग नि डिझाइन फोटोत दिसतंच. विकणाऱ्यांना एकदा कळलं की पेपरवाले तोलून बघतात तर ४.४५ च्या प्लेटेवर ५ ओतायची हिंमत जरा कमी होईल, माझ्यासारख्या एकट्याच्या फोनला ते काय भीक घालणार.

ऑफिसात काटा नसेल तर माझा हुकाचा काटा आठवडाभर देतो, परत करायची घाई नाही. फक्त बॅटरी उतरली की तो थोडा जास्त दाखवायला लागतो, तेव्हा आधी पाच बाटल्या पाणी तोलून बघा.

आपला,
एक नेहमीचा वाचक